तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा त्रागा: मेंदूत काय घडतं, वर्गात काय करावं, डॉक्टरांकडे कधी पाठवावं?

सेविका_डिचोली

चवथीच्या सुट्टीनंतर आमच्या अंगणवाडीत पालकसभा आहे. विषय ठरलाय: लहान मुलांचा राग, रडणं, हट्ट. सभेला आया येतात तशा आज्याही येतात. "हल्लीची पोरं लाडावलीत" आणि "मोबाईलमुळे सगळं झालंय" या दोन वाक्यांच्या पुढे बोलणं जायचं असेल तर सांगायला काहीतरी ठोस हातात हवं.

व्हॉट्सॲपवर मेंदूचे तीन थर दाखवणारं एक चित्र फिरतंय. खाली सरड्याचा मेंदू, मधे जनावराचा, वर माणसाचा, आणि राग आला की वरचा बंद पडतो. हे सभेत दाखवलं तर चालेल का?

दुसरं, मूल जमिनीवर लोळून रडत असताना किती वेळ थांबायचं, कधी बोलायचं, धरायचं की सोडायचं? वर्गात मी आणि मदतनीस अशा दोघीच, मुलं वीसेक. जे सुचवाल ते एवढ्यात बसायला हवं.

तिसरं, रडता रडता निळं पडणारं मूल. घरचे कांदा फोडून हुंगवतात, कुणी चप्पल नाकाशी धरतं. ते करू नका म्हणायचं तर त्याऐवजी काय करायचं तेही सांगावं लागेल.

आणि यातलं साधं कुठलं, पुढे पाठवण्यासारखं कुठलं, त्याच्या खुणा सांगा. बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात, वर्गात मराठी.

बालमेंदूविकार_पणजी

ताई, ते चित्र दाखवू नका. तीन थरांची कल्पना अमेरिकी मेंदूवैज्ञानिक पॉल मॅक्लीन यांनी १९६० च्या दशकात मांडली. ऐकायला सोपी असल्यामुळे ती टिकली, पण मेंदूची रचना तशी नाही. कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या मेंदूत मूळ भाग तेच असतात, फक्त त्यांचं प्रमाण बदलतं. जुन्या मेंदूवर नवा चढला असं झालेलं नाही. या चित्रामुळे पालकांची एक समजूत मात्र पक्की होते, की राग म्हणजे जनावरपणा आणि तो दाबायचा असतो. तेच तर सभेत मोडायचं आहे.

त्याऐवजी चार भाग सांगा. कानाच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, बदामाएवढा अमिग्डाला असतो. समोर आलेली गोष्ट दखल घेण्यासारखी आहे का, धोक्याची आहे का, हे तो झटकन ठरवतो. हायपोथॅलॅमस आणि मेंदूचं देठ मिळून छातीची धडधड, श्वास, घाम हे सगळं हलवतात. इन्सुला शरीराच्या आतली खबर ठेवतो: भूक, लघवीची घाई, पोटातली कळ. आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स थांबायला, वाट बघायला, दुसरा मार्ग शोधायला मदत करतो. पहिले तीन भाग जन्मापासून बऱ्यापैकी कामाला लागलेले असतात. चौथ्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते. त्याला अमिग्डालाशी जोडणारा अनसिनेट फॅसिक्युलस हा तंतूंचा जुडगा तर सर्वांत उशिरा पक्व होणाऱ्यांपैकी आहे. चार वर्षांच्या मुलाला "कळतंय पण वळत नाही" असं आपण चिडून म्हणतो. त्या वयात खरोखर तसंच असतं: नियम त्याला तोंडपाठ असतो, पण ऐन वेळी तो वापरण्याची वाट अजून पुरती बांधलेली नसते.

अमिग्डालाला "भीतीचं केंद्र" म्हणू नका. दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेल्या एका बाईला साप, कोळी, भुताचा सिनेमा कशाचंच भय वाटत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिला आणि तशाच आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा एकदा हुंगवली, तेव्हा मात्र त्या घाबरून गडबडल्या. म्हणजे श्वास कोंडल्याची घबराट अमिग्डालाशिवायही उठते. पावसाळ्यात छाती भरलेलं, घरघरणारं मूल उगाच पिसाळल्यासारखं वागू लागलं तर आधी त्याच्या बरगड्यांकडे बघा. श्वास घेताना कातडी आत ओढली जात असेल तर तो हट्ट नाही.

आता वेळेचा हिशेब. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. त्रागा सुरू झाला की काही सेकंदांत ॲड्रिनलिन सुटतं. दुसरी साखळी सावकाश चालते. हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला, तिथून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला निरोप जातो आणि शेवटी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. त्याची पातळी ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वांत वर असते. प्रत्येक त्राग्यात ते वाढतंच असं नाही, पण मोठ्या त्राग्यानंतर रडणं थांबलं म्हणजे शरीरही शांत झालं असं धरू नका. पुढचा अर्धा-पाऊण तास ते मूल क्षुल्लक कारणावरून पुन्हा फुटू शकतं. "मघाशी काय केलंस सांग बघू" ही चौकशी नेमकी त्याच वेळात होते आणि दुसरा भडका उडतो.

त्राग्याच्या आतही दोन धागे असतात. अमेरिकेत पोटेगल आणि डेव्हिडसन यांनी २००३ साली पालकांच्या नोंदींवरून हे मांडलं. किंचाळणं, लाथा, फेकाफेक हा रागाचा धागा सुरुवातीलाच टोकाला जातो आणि उतरतो. मुसमुसणं, रडणं, कुशीत शिरायला बघणं हा दुःखाचा धागा शेवटपर्यंत राहतो. सुमारे तीन चतुर्थांश त्रागे पाच मिनिटांच्या आत संपतात. राग चढत असताना तुम्ही घातलेला प्रत्येक प्रश्न त्याच्यासाठी नवा धक्का असतो. किंचाळी उतरून हुंदके उरले की जवळ जायची वेळ झाली. घड्याळापेक्षा आवाज ऐका.

आणि मोठं माणूस जवळ असण्याचा मेंदूवर परिणाम दिसतो. २०१४ च्या एका अभ्यासात मुलांना स्कॅनरमध्ये आईचे फोटो दाखवले तेव्हा दहा वर्षांखालच्या मुलांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद कमी झाला, किशोरवयीन मुलांचा झाला नाही. अशा अभ्यासांत मुलं थोडीच असतात, म्हणून मी याला दिशा म्हणेन, कायदा नाही. पण परक्याकडे देताना मुलांमध्ये होणारी कॉर्टिसॉलची वाढ ओळखीचं, प्रेमळ माणूस सोबत असलं की कमी होते, हे अनेकदा दिसलं आहे. लहान मुलाचा मेंदू सावरण्याचं बरंचसं काम जवळच्या मोठ्या माणसाच्या आधारानं करतो.

विशेष_शिक्षिका_फोंडा

वर्गातलं मी सांगते. दोघींत कामाची वाटणी आधीच ठरलेली हवी, ऐन वेळी नाही. एक त्या मुलाजवळ, दुसरी बाकीच्या मुलांना घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात किंवा पडवीत. बघे कमी झाले की निम्मं काम होतं.

जवळ थांबणारीनं उभं राहू नये. मुलाच्या उंचीला बसायचं, समोरासमोर नव्हे तर थोडं बाजूला, लाथ लागणार नाही एवढं अंतर ठेवून. पाटी, कंपास, खुर्ची हातासरशी बाजूला करायची. तोंडानं एकच वाक्य, चार-पाच शब्दांचं, हळू आवाजात: "मी इथंच आहे." मग गप्प. दहा-पंधरा सेकंदांनी हवं तर तेच पुन्हा एकदा. वाक्य बदलत राहिलं की मुलाला प्रत्येक वेळी नव्यानं ऐकावं लागतं. मुलाला घरची बोली कोंकणी असेल तर कोंकणीतच बोला, "हांव हांगाच आसां."

धरायचं की सोडायचं? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच धरा, तेही मागून, सैल, आणि धोका टळताच सोडा. राग चढत असताना घट्ट आवळून धरलं की हालचाल अडते आणि राग वाढतो. हुंदक्यांच्या टप्प्यावर मूल स्वतः सरकत जवळ येतं, तेव्हा घ्या.

भावनेला नाव द्यायचं ते तेव्हा, त्याआधी नाही. "तुका राग आयला. चेंडू ताणें व्हेलो." (तुला राग आला. चेंडू त्यानं नेला.) एवढंच. नाव दिल्यानं अमिग्डालाचा प्रतिसाद उतरतो आणि प्रीफ्रंटलचा उजवा खालचा भाग जागा होतो, हे अमेरिकी संशोधक लिबरमन यांनी २००७ साली दाखवलं, पण मोठ्या माणसांवर. लहान मुलांत तो परिणाम व्हायला आधी तो शब्द मुलाकडे असावा लागतो. म्हणून रोज गोष्ट सांगताना "हा घाबरला, हिला हेवा वाटला, त्याला लाज वाटली" असं म्हणत जा. राग, रडू आणि आनंद या तिघांवर थांबू नका. शब्द शांत वेळी पेरलेले असतील तरच त्राग्याच्या वेळी उपयोगाला येतात.

श्वासाचंही तसंच. "दीर्घ श्वास घे" हे त्राग्यात सांगून तीन वर्षांचं मूल घेत नाही, उलट धपापतं. रोज प्रार्थनेनंतर दोन मिनिटं खेळ म्हणून करा. तळहातावर कागदाचा कपटा, आणि फुंकर इतकी हळू की तो खाली पडता कामा नये. उच्छ्वास लांबला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत हृदयाचा वेग उतरतो, कसब सगळं बाहेर सोडण्यात आहे. हात कोरडे ठेवायचे, नाहीतर कपटा चिकटतो आणि मुलं जोरात फुंकू लागतात.

घरासाठी एक गोष्ट आज्यांना जरूर सांगा. बिस्किटासाठी रडणाऱ्या मुलाला चार मिनिटं नाही म्हणून पाचव्या मिनिटाला दिलं, तर ते पाच मिनिटं रडायला शिकतं. कधी मिळतं, कधी नाही, असं झालं तर सवय सर्वांत चिवट होते. मेंदूवैज्ञानिक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी अपेक्षित बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला जोरात प्रतिसाद देतात. अधूनमधून मिळालेलं बिस्किट तेच काम करतं. द्यायचं असेल तर पहिल्या मिनिटाला द्या, नसेल तर देऊच नका. आणि नियम बदलला की पहिले काही दिवस रडणं वाढतं. बहुतेक घरं इथंच सोडून देतात, कारण "उपाय उलटा पडला" असं वाटतं. वाढ झाली याचा अर्थ मूल जुनी युक्ती जोर लावून तपासतंय.

मोबाईलबद्दल "सगळं त्यामुळेच" म्हणू नये. पण रडणं थांबवायला फोन हातात देणं हे वेगळं. ३ ते ५ वर्षांच्या मुलांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात, शांत करायला वारंवार फोन दिल्या जाणाऱ्या मुलांची चिडचिड पुढच्या महिन्यांत जास्त दिसली, विशेषतः मुलग्यांत आणि मुळात उसळत्या स्वभावाच्या मुलांत.

बालरोग_मडगाव

निळं पडण्याबद्दल. याला श्वास कोंडण्याचे झटके म्हणतात. बहुधा सहा महिने ते दीड वर्ष या वयात सुरू होतात, पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप जातात. मूल हे मुद्दाम करत नाही. क्रम नेहमी तोच असतो. आधी कारण, मग रडणं, मग श्वास बाहेर टाकलेल्या स्थितीत अडकतो, ओठ निळे, अंग सैल, क्वचित शुद्ध जाते आणि दोन-चार झटकेही येतात. एका मिनिटाच्या आत मूल सावरतं. दुसऱ्या प्रकारात छोटासा मार लागतो, मूल फारसं रडतही नाही आणि पांढरंफटक पडतं. तिथं व्हेगस नसेमुळे हृदय काही क्षण मंदावतं.

करायचं एवढंच: कुशीवर निजवा, डोकं कशावर आपटणार नाही ते बघा, घड्याळ बघा. कांदा नको, चप्पल नको, तोंडात पाणी नको, चमचा नको, गदागदा हलवणं नको. कांद्यानं मूल शुद्धीवर आलं असं घरच्यांना वाटतं, कारण तेवढ्यात ते येणारच असतं. पाणी मात्र खरंच घातक, श्वासनलिकेत जातं.

मिर्गीपासून ओळखायचं कसं? कोंडण्यात रडणं आणि निळेपणा आधी, शुद्ध नंतर जाते. मिर्गीत बहुधा कारण नसतं, झटका आधी आणि निळेपणा मागून, झोपेतही येतो, नंतर मूल बराच वेळ गुंगीत राहतं. झटके पाच मिनिटांपेक्षा लांबले तर १०८ ला फोन. पांढरं पडणारं मूल असेल, पळताना किंवा दचकून शुद्ध गेली असेल, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर एक ईसीजी हवाच. हृदयाच्या लयीचा दोष हुबेहूब असाच दिसू शकतो.

आणि लोह तपासा. कोंडणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता वारंवार सापडते आणि लोह दिलं की झटके बऱ्याच मुलांत कमी होतात. कोंडत नसलेल्या चिडक्या मुलांतही तपासा, कारण डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं आणि नसांवरचं मायलिनचं वेष्टन तयार व्हायलाही लागतं. २४ ते ५९ महिने वयात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण साठा त्याआधीच रिकामा होतो, त्यासाठी फेरिटिन ही रक्ततपासणी. ते १२ च्या खाली असेल तर कमी. ताप-सर्दीत फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून आजार सरल्यावर तपासा. उपचाराची मात्रा साधारण दिवसाला दर किलोला ३ मिलिग्रॅम लोह, म्हणजे १२ किलोच्या मुलाला ३६ मिलिग्रॅम, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. गडबड होते ती इथं: बाटलीवर लोहाच्या क्षाराचं वजन मोठ्या अक्षरांत असतं, "एलिमेंटल" म्हणजे प्रत्यक्ष लोह त्यापेक्षा कितीतरी कमी. आणि थेंबांची बाटली सिरपपेक्षा कित्येक पट तीव्र असू शकते, दोन्ही चमच्यानं मोजू नका. दूध-चहाबरोबर दिलं तर नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर द्या. शी काळी होते, घाबरू नका. बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, जास्त लोह विषासारखं चढतं.

तुमच्याकडे अंगणवाडीतून आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप द्यायचं असतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह. ते प्रतिबंधासाठी आहे, कमतरता झालेल्या मुलाला पुरत नाही. आणि सकाळी चहात पाव बुडवून येणारं मूल, वर दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध, यांत लोह हमखास कमी पडतं.

शेवटचं, औषधं. ताईंच्या यादीत हा प्रश्न नव्हता, पण गोव्याच्या दमट हवेत फार महत्त्वाचा. सर्दी-दम्यासाठी मॉन्टेल्युकास्ट सर्रास चालू असतं. त्यानं काही मुलांत चिडचिड, वाईट स्वप्नं, आक्रमकपणा येतो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मिर्गीच्या लेव्हेटिरासिटम आणि फिनोबार्बिटोननंही मुलं चिडखोर होतात. धाप कमी करणाऱ्या साल्ब्युटामॉलनं हात थरथरतात, मूल अस्वस्थ होतं. सर्दीच्या गुंगीच्या औषधानं काही मुलं झोपण्याऐवजी उलट उधळतात. म्हणून "वागणं कधीपासून बदललं?" याच्या जोडीला "त्याआधीच्या महिन्यात कुठलं औषध सुरू झालं?" हे विचारा. मात्र मिर्गीचं औषध घरच्या घरी बंद करू नका, झटके उसळून येतात.

ओटी_म्हापसा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. विशेष शिक्षिकांचं बरोबर आहे, पण "द्यायचं नसेल तर देऊच नका" हे सगळ्या मुलांना लावू नका. काही मुलांच्या आकांतामागे मागणीच नसते. नरकासुराच्या रात्रीचे स्पीकर, मंदिरातला ढोल, मिक्सर, नखं कापणं, शर्टाची मागची पट्टी. वस्तू मिळाली तरी थांबत नाही, कुणी बघत नसलं तरी चालू राहतं, आणि नंतर मूल गळून जातं. तिथं दुर्लक्ष करणं म्हणजे त्याला तसंच होरपळू देणं.

आवाजासाठी: उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. दहा मीटरवरून वीसवर, वीसवरून चाळीसवर नेलं तर फरक जाणवतो. लहान मुलांचे कानावरचे मफ मिळतात. ते दिवसभर घालून ठेवू नका, शांत वेळीही सवय लागली तर साधे आवाज बोचू लागतात. वजनदार ब्लँकेटचा गवगवा आहे, पण ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांवरच्या नीट केलेल्या चाचणीत त्यानं झोप सुधारली नाही. पैसे घालण्याआधी विचार करा.

अशा मुलाबाबत इतर खुणाही बघा: नावानं हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवून काही दाखवत नाही, खेळण्याचं चाकच फिरवत बसतं, शब्द येऊन गेले. मग श्रवण तपासणी आधी. कानात पाणी साचलेलं मूल अर्धंच ऐकतं आणि हट्टी दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्या यादीत नाव घाला, पण तेवढ्यासाठी थांबू नका. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात थेट नेता येतं. ऑटिझमसाठी पालकांना शिकवून घरीच संवाद वाढवण्याच्या पद्धतीची पास नावाची चाचणी गोवा आणि रावळपिंडी इथं झाली, २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन शिकवलं आणि पालक-मुलांच्या संवादात फरक पडला. "गावात सोय नाही" यावर हे उत्तर आहे.

सेविका_डिचोली

सगळ्यांचे आभार, हे सभेत वाचूनच दाखवते. दोन शंका. एक मूल दिवसा ठीक, पण चवथीच्या आरत्या आणि फुगड्यांनी जागरणं झाल्यापासून रात्री उठून किंचाळतं, डोळे उघडे, आईला ओळखत नाही. आई दृष्ट काढते, मग निजतं. हे मिर्गी म्हणायचं का? आणि दुसरं, एक मुलगी बोलता बोलता थांबते, काही क्षणांनी पुढे सुरू. त्यासाठी आणि त्राग्यासाठी मी वहीत काय लिहून ठेवू, म्हणजे डॉक्टरांना उपयोग होईल?

बालमेंदूविकार_पणजी

पहिलं बहुधा निशाभय. झोप लागल्यावर साधारण एक ते तीन तासांत, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना होतं. सकाळी मुलाला आठवत नाही. दुःस्वप्न पहाटेकडे पडतं आणि आठवतं. उठवू नका, हलवू नका, पडणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत निवळतं. दृष्ट काढून झाल्यावर निजतं ते त्याची वेळ संपल्यामुळे. आईच्या मनाला आधार मिळत असेल तर वाद घालू नका, फक्त त्यासाठी मुलाला उठवून बसवू नका आणि धूर तोंडाजवळ नको. जागरण हेच मूळ कारण असतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास हवेत. रोज १५ मिनिटांनी निजणं अलीकडे आणा, एकदम दोन तास नाही, नाहीतर मूल अंथरुणात लोळत राहतं. रोज ठरल्या वेळीच होत असेल तर त्याआधी १५ ते ३० मिनिटं हलकंसं चाळवून पुन्हा निजू द्यायचं, असं दोन ते चार आठवडे. एका रात्रीत अनेकदा, अगदी एकसारखं, हातपाय विशिष्ट तऱ्हेनं ताठ होऊन, तर मात्र झोपेतल्या मिर्गीसाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी.

मुलीचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ५ ते १५ सेकंद थांबणं, पापण्या फडफडणं, मग जिथं थांबली तिथूनच सुरू, दिवसातून कितीतरी वेळा: हा ॲबसेन्स, म्हणजे काही क्षण भान हरपणाऱ्या मिर्गीचा प्रकार असू शकतो. अशा मुलांना वर्षानुवर्षं "लक्ष नाही" म्हणून बोलणी बसतात आणि ती रडकी, चिडकी होतात, कारण वाक्याचे मधले तुकडे त्यांना कळलेलेच नसतात. खांद्याला हात लावा. तंद्री असेल तर मोडते, झटका असेल तर मोडत नाही. डॉक्टर तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावून ईईजी काढतात, त्यात सेकंदाला तीन या वेगाच्या लाटा दिसतात. वर्गात तो प्रयोग करू नका. हसण्यासारखं काही नसताना पुन्हा पुन्हा एकाच तऱ्हेनं हसू फुटणारं मूल असलं तरी दाखवा, क्वचित हायपोथॅलॅमसमधल्या गाठीमुळे तसं होतं.

वहीत त्राग्याची एक ओळ अशी असावी: "११:४०, खाऊच्या आधी, रांगेत ढकललं, किंचाळून लोळला, ४ मिनिटं, हुंदके ३ मिनिटं, स्वतः जवळ आला, कुणाला मारलं नाही, रात्री १० ला निजला होता." दोन आठवडे पुरे. वेळा एका रेषेत आल्या, उदाहरणार्थ सगळ्या खाऊच्या आधी किंवा सगळ्या सोमवारी, तर आधी भूक आणि झोप बघा. अपुऱ्या झोपेनंतर अमिग्डालाचा प्रतिसाद वाढतो हे मोठ्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. पुढे पाठवायच्या खुणा या: सरासरी २५ मिनिटांहून लांब त्रागे, एका दिवसात पाचाहून जास्त आणि असे अनेक दिवस, निम्म्याहून अधिक वेळा मोठ्यांवर हल्ला किंवा मोडतोड, स्वतःला चावणं किंवा डोकं आपटणं, आणि कुणी तरी शांत केल्याशिवाय कधीच न थांबणं. स्वतःला इजा करणं एकदाच दिसलं तरी वाट बघू नका.

थांबण्याच्या प्रसंगासाठी आईला मोबाईलवर चित्रण करायला सांगा. चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत हवेत, सुरुवात सुटली तरी चालेल पण शेवट आणि नंतरचं एक मिनिट हवं, आणि मधे एकदा मुलीला नावानं हाक मारलेली ऐकू यावी. बरोबर औषधांच्या बाटल्या, नुसती नावं नव्हेत, आणि लसीकरणाचं कार्ड. चित्रण फक्त डॉक्टरांना दाखवा, पालकांच्या ग्रुपवर टाकू नका.